पत्र जाळणारी राणी

माझा पाय मोडला तो शेडनेटमध्ये. टोमॅटोच्या दोन ओळींमध्ये ठिबकची नळी फुटून चिखल झाला होता. मी साऱ्या बायांना "बघून पाय टाका गं" म्हणत हिंडणारी, आणि मीच घसरले, तेही हातातल्या बादलीसकट. बाया आधी हसल्या, मग धावल्या. त्यांना बोल लावत नाही, मी पडलेच तशी. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, दीड महिना पाय खाली टेकवायचा नाही.

आता सांगा, जन्मात कधी दुपारी आडवी न झालेली बाई दीड महिना बाजेवर बसून काय करणार? पहिले दोन दिवस मी घरातल्या सगळ्यांच्या चुका काढल्या. तिसऱ्या दिवशी चुका संपल्या. तेव्हा माझी नात, तिसरीत आहे, दिवाळीची सुट्टी लागलेली, ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आज्जी, तू लई कटकट करून राह्यली. चल, तुला राजकन्या दाखवते."

तिनं आईचा मोबाईल टीव्हीला जोडला. कसा जोडला ते मला अजून कळलेलं नाही.

पहिल्या दिवशी मी अर्ध्यातच घोरायला लागले. दुसऱ्या दिवशी जरा नीट पाहिलं आणि मला प्रश्न पडायला लागले. कारण त्या कार्टूनमधल्या राजकन्या म्हणजे काय विचारता! केस कंबरेच्या खाली, त्यांना तेलाचा थेंब नाही, तरी गुंता म्हणून नाही. डोळे बशीएवढे. कंबर माझ्या मनगटाएवढी.

"ही जेवती का न्हाई गं?"

"आज्जी, कार्टून आहे ते."

"कार्टून असली म्हणून काय झालं? भाकरी तर लागंलच."

राजकन्या हिंदीत बोलते, तिचा बाप हिंदीत बोलतो, तिचा घोडाही मला तर हिंदीतच खिंकाळतो असं वाटायचं. निजामाच्या काळापासून आमच्या बोलण्यात निम्मी हिंदी-उर्दूच आहे, त्यामुळे समजायला अडचण नव्हती. अडचण वेगळीच. या पोरींपैकी बहुतेकींना आई नाही. आई मेलेली, नाहीतर हरवलेली, नाहीतर सावत्र. मी नातीला म्हटलं, "हिचीबी न्हाई का?" ती म्हणाली, "आई राह्यली तर तिला बाहेर जाऊ देईल का? मंग पिक्चर कसं होईल?" आठ वर्षांची पोरगी, पण बराबर बोलली.

नातीनंच मला त्यातला फरक समजावला. तिच्या हिशोबानं राजकन्या दोन जातीच्या. एक जुन्या, त्या खिडकीत बसतात. एक नव्या, त्या खिडकीतून उडी मारतात. जुन्या राजकन्येचं काम सोपं. तिनं गाणं म्हणायचं आणि वाट पाहायची. मग पांढऱ्या घोड्यावरून एक जण येणार, तिला एकदा पाहणार, की लागलं लग्न.

मी विचारलं, "घरदार, शेतीवाडी, काहीच विचारलं न्हाई?"

"राजपुत्र आहे म्हटल्यावर शेती असंलच ना आज्जी."

"अन् पोराला काही व्यसन?"

यावर तिनं पुढचं पिक्चर लावलं.

नव्या राजकन्यांनी मला घोळात घेतलं. एक होती, तिला लोहारकाम करायचं. राजवाड्याच्या दारापुढचा पूल मोडलेला, साऱ्या कारागिरांनी हात टेकलेले, ही पोरगी कपाळाला घाम येईस्तोवर घण मारते. मधे तीन राजपुत्र तिला बघायला येतात. ती तिघांच्या हातात एकेक हातोडा देते. एकाला तो उचलत नाही, एक स्वतःच्याच पायावर पाडतो, तिसरा म्हणतो माझे कपडे खराब होतील. मी एवढी हसले की प्लास्टरच्या आत खाज सुटली आणि विणायची सुई घालून खाजवावं लागलं. शेवटी पूल तयार होतो, ती त्याच्यावरून घोडा दौडवत जाते आणि पडद्यावर नावं यायला लागतात.

मी म्हटलं, "अगं, लग्न कुठंय?"

"न्हाई झालं."

"का बरं?"

"तिला काम होतं."

हे "तिला काम होतं" माझ्या डोक्यात दोन दिवस घुमत राहिलं. मला बघायला आले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. मलाही काम होतं. कापूस वेचत होते. पाहुणे बांधावर उभे राहिले, माझे हात किती भराभर चालतात ते त्यांनी पाहिलं आणि तिथंच पसंती दिली. काम आहे म्हणून लग्न मोडतं हे मी साठी ओलांडल्यावर पाहिलं, आमच्या वेळी काम आहे म्हणूनच जमायचं.

तर असं दुपारचं आमचं चाललेलं. आता माझ्या सुनेचं सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

सून वडीगोद्रीची. हमरस्त्याच्या गावची पोर, माहेरी भावाची स्कूटी चालवायची. आमच्याकडे आली आणि ते सुटलं. मी कधी चालवू नको म्हटलं नाही. मला ते म्हणावंच लागलं नाही, एवढं सांगितलं तरी पुरे. माझा लेक जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात आहे, आठवड्यातून एकदा घरी येतो. शेडनेट आम्ही दोघी सासू-सुनाच बघतो.

शेडनेट म्हणजे हिरव्या जाळीचा मोठा मांडव. आमच्या टेंभुर्णीच्या बाजूला तुम्ही आलात तर शिवारात जिकडंतिकडं दिसतील. त्यात आम्ही कंपनीसाठी टोमॅटोचं बी तयार करतो. ते काम मोठं नाजूक. दुपारी, फूल उमलायच्या आधी, चिमट्यानं कळी उघडून तिच्यातला नर काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाची पिवळी पूड तिला लावायची आणि खूण म्हणून फुलाच्या बुडाची दोन हिरवी पानं कातरायची. चिमटा जोरात लागला तर फूल मेलं. नर थोडासा जरी आत राहिला तर बी भेसळीचं. नेटमधल्या बाया म्हणतात, आपण रोज शेकड्यानं लग्नं लावतो, अन् एकाही लग्नात जेवायला मिळत न्हाई.

या कामात माझ्या सुनेसारखा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. माझाही नाही, हे मी आधी कधी कबूल केलं नव्हतं. तिच्या ओळीतलं फूल वाया जात नाही. शिवाय तिला शिकवता येतं. नवीन बाई आली की मी दोनदा सांगते आणि तिसऱ्यांदा ओरडते. ती पाच वेळा सांगते, सहाव्यांदा त्या बाईचा हात हातात धरते.

हे कंपनीच्या साहेबांनी पाहिलं. माझा पाय मोडायच्या आधीच ते नेटमध्ये तिला म्हणाले होते, केदारखेड्याकडं यंदा नवीन प्लॉट घेतलेत, तिथल्या बायांना दुपारचं चिमट्याचं काम शिकवायला कुणीतरी पाहिजे. आमची माणसं शिकवतात, पण बाया पुरुषाला विचारायला लाजतात अन् फुलं मरतात. ताई, तुम्ही याल का? मी फोन करतो.

सुनेनं नवऱ्याला विचारलं. माझ्या लेकानं साऱ्या लेकांनी द्यावं तसंच उत्तर दिलं, "माय म्हणंल तसं." मला तिनं अजून विचारलं नव्हतं. साहेबांचा फोन येऊ द्यावा, मग विचारावं, असं तिच्या मनात असावं. पण लेकानं मला आधीच सांगून टाकलं होतं, आणि तिच्या वहीवरून तिची तयारीही दिसत होती. नातीची जुनी वही घेऊन ती रोज थोडं थोडं लिहायची. टोमॅटोचं फूल काढलेलं, चिमटा कुठून घालायचा तिथं बाण, चुकलेलं फूल कसं दिसतं त्याचं वेगळं चित्र. मी लेकाच्या पाठ्यपुस्तकांवरून चाळिशीत वाचायला शिकले, पण ती वही मला एका बैठकीत समजली. एवढी सोपी होती.

आणि एका दुपारी फोन आला.

सून नेटमध्ये मोबाईल नेत नाही, पुडीचे हात लागतात म्हणून. मोबाईल घरी, त्याच्यावरच आमच्या राजकन्या चालायच्या. नात पेरू आणायला शेजारी गेली होती. पडद्यावर राजकन्या थांबली आणि घंटी वाजायला लागली. हिरवं बटन दाबायचं एवढं मला येतं. साहेब होते. ताई आहेत का म्हणाले. मी म्हटलं, मी तिची सासू, सांगा. त्यांनी काम सांगितलं, किती दिवस, कुठं कुठं जायचं. आणि मी, एक क्षणही न थांबता, म्हणाले, "न्हाई हो साहेब. आमच्या घरच्या बाया अशा गावोगाव हिंडत न्हाईत. तिला बिलकुल जमायचं न्हाई."

आमच्याकडं रीतच आहे. सुनेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर सासूनं द्यायचं. लग्नाला येणार का, माहेरी पाठवणार का, उपास धरणार का, सगळ्याला सासू बोलते आणि सून मागे उभी राहते. माझ्या सासूनं माझ्या वतीनं तीस वर्षं उत्तरं दिली. त्या सवयीनं तोंडातून गेलं म्हणाले असते, पण तेवढंच नव्हतं. मला भीती वाटली. पाय मोडलेला, ती दुपारभर बाहेर, घरात मी आणि पोर. आणि आमच्या जाऊबाई, म्हणजे माझ्या मोठ्या दिराची बायको, समोरच राहतात, त्या काय म्हणतील हेही मनात आलंच.

फोन ठेवला. नात पेरू घेऊन आली. मी काही बोलले नाही. आम्ही पुढचं पिक्चर पाहिलं.

संध्याकाळी सून आली, हातपाय धुतले आणि विचारलं, "आत्या, कुणाचा फोन आल्ता का?"

मी म्हटलं, "न्हाई बाई."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "आत्या, फोन आल्ता का कुणाचा?" "न्हाई." तिसऱ्या दिवशीही. दर वेळी ती माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघायची आणि मग कणीक मळायला बसायची. मी मनात म्हणायचे, विसरेल आपोआप.

चौथा दिवस शुक्रवार होता. नातीनं नवीन पिक्चर लावलं. यातल्या राजकन्येला आई होती, हे पाहूनच मला बरं वाटलं. या राजकन्येला नकाशे काढायचा नाद. गडावर बसून जेवढं दिसतं तेवढं सगळं तिनं कागदावर काढलेलं, आता तिला डोंगरापलीकडचं पाहायचंय. लांबच्या एका राज्यातल्या पंडितबाई तिला पत्र पाठवतात, की ये, माझ्याजवळ शीक. पत्र घेऊन एक म्हातारा येतो आणि ते राणीच्या हातात पडतं. राणी वाचते. इकडंतिकडं बघते. चुलीत टाकते. राजकन्या धावत येते, "मां, मेरा कोई ख़त आया?" राणी म्हणते, "नहीं बेटी."

माझं तर डोकंच फिरलं. मी बाजेवरून अर्धी उठले. "अगं सटवे, तिचं पत्र होतं ते! तुला कुणी दिला अधिकार? लेकरू रोज दारात वाट पाहून राह्यलं अन् तू खुशाल..."

एवढं म्हणाले आणि माझं लक्ष दाराकडं गेलं.

दारात सून उभी होती. नेटमधून लवकर आलेली, डोक्यावर चाऱ्याचा भारा. तिनं पडद्यावरच्या राणीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, "आत्या, हळू. राणीला ऐकू जाईल." आणि गोठ्याकडं गेली.

नात म्हणाली, "आज्जी, एवढं चिडू नको. ही राणी व्हिलन न्हाई. शेवटी चांगली होती. मी दोनदा पाह्यलंय."

"कशी काय चांगली होती?"

"सॉरी म्हणती. अन् मंग स्वतःचा घोडा देती तिला."

माझ्याकडं घोडा नव्हता. पायही एकच चालणारा. मी ठरवलं की साहेबांनाच फोन लावावा आणि झालेलं निस्तरावं, म्हणजे सुनेला काही कळायचं काम नाही. नातीला म्हटलं, "त्या कंपनीच्या साहेबांचा नंबर हुडकून दे मला."

तिनं बोट फिरवलं. "हा घे. हे बघ, मंगळवारी त्यांचा फोन आल्ता. सहा मिनिटं बोलले."

"हे कुठं लिहिलंय?"

"सगळे फोन इथं लिहून राहतात आज्जी. कुणाचा आला, कधी आला, किती बोलले."

मला वाटायचं फोनवरचं बोलणं हवेत जातं, ठेवला की संपलं. "मंग तुझ्या मम्मीला...?"

"मम्मीनं तर त्याच दिवशी पाह्यलं. मला विचारलं, तू बोलली का? मी म्हटलं न्हाई, मी पेरू आणायला गेल्ते."

म्हणजे बघा. तीन दिवस ती मला रोज विचारत होती, फोन आल्ता का. तिला माहीत असताना विचारत होती. आणि मी रोज तिच्या तोंडावर न्हाई म्हणत होते. नेटमध्ये बादलीसकट पडले तेव्हा लाज वाटली नव्हती तेवढी आता वाटली.

सून भाकरी करायला बसली तेव्हा मी नातीला बाहेर खेळायला पिटाळलं. वॉकर घेऊन, लंगडत, चुलीजवळच्या स्टुलापर्यंत गेले. ती म्हणाली, "आत्या, कशाला उठलात? पाय टेकला तर?"

मी म्हटलं, "साहेबांचा फोन आल्ता."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "हं."

"मी न्हाई म्हणून सांगितलं. अन् तुलाबी खोटं बोलले."

"माहितंय मला."

"मंग बोलली का न्हाईस? भांडायचं तरी."

"तुम्ही कधी सांगता ते पाहत होते." तिचा आवाज वर गेला नाही. वर गेला असता तर मला सोपं झालं असतं, मीही वर गेले असते. "मी त्याच संध्याकाळी साहेबांना फोन केला, आत्या. त्यांना म्हटलं, मला यायचंय. ते म्हणाले, घरात भांडणं नको, शनिवारी टेंभुर्णीला मीटिंग आहे, नक्की असंल तर तिथं या. उद्या शनिवार. मी जाणारच होते. तुम्हाला सांगून जायचं का न सांगता, एवढंच ठरायचं राह्यलं होतं."

मी काय बोलणार? तरी बोलले, गप्प बसायची सवय नाही ना. "मी बोलते साहेबांशी. सांगते त्यांना, माझी चूक झाली, आमच्या सुनेला..."

"न्हाई." तिनं हातातलं पीठ झटकलं. "तुम्ही नका बोलू आता. माझं मी बोलते."

पिक्चरमधल्या राणीनं घोडा दिला म्हणून तिचं भलं झालं. इथं राजकन्येला घोडाही नको होता. मी बाजेवर परत आले. त्या दिवशी जेवताना आम्ही दोघी नातीशीच बोललो, एकमेकींशी नाही.

सकाळी तिनं नेटमधलं पूड लावायचं काम पुरं केलं. ते सोडून ती जाणार नव्हती, हे मला माहीत होतं. मग घरी येऊन साडी बदलली, वही पिशवीत घातली, मोबाईल नातीजवळ ठेवला आणि माझ्यासमोर उभी राहिली. "येते आत्या." मी म्हटलं, "ये."

ती वळली आणि तेवढ्यात जाऊबाई आल्याच. त्यांना चष्मा लागत नाही, बघा, समोरच्या घरातून सगळं दिसतं.

"सूनबाई कुठं गेली गं नटून?"

"कामाला."

"नेट तर इकडं आहे. ती तर स्टँडकडं गेली."

"दुसरं काम आहे. बायांना शिकवायचं."

"अन् तू जाऊ दिलं? कुणाला विचारून?"

मी म्हटलं, "ह्या प्लास्टरला विचारलं. ते काही बोललं न्हाई."

जाऊबाईंनी तोंड वाकडं केलं. "आपल्या टायमाला असं न्हवतं बाई."

"न्हवतंच. म्हणून तर तुम्ही अन् मी हितं बसून दुसऱ्याच्या सुना मोजून राह्यलो."

त्यांना राग येईल वाटलं होतं. पण त्या फसकन हसल्या आणि बाजेच्या कोपऱ्यावर टेकल्या. मग नातीनं त्यांना लोहारकाम करणारी राजकन्या दाखवली. हातोडा पायावर पाडणारा राजपुत्र पाहून जाऊबाई म्हणाल्या, "अगदी आमच्या धाकट्या जावयासारखा." आणि चहा घेऊनच गेल्या.

मी मात्र दुपारभर पिक्चरकडं पाहत होते आणि कान रस्त्याकडं होते. साहेबांनी दुसरी कुणी घेतली असली तर? चार दिवस गेले होते, आणि ते चार दिवस माझे होते.

ती आली ऊन उतरताना. चेहऱ्यावरून काही कळेना. पिशवी खुंटीला अडकवली, पाणी प्याली. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण नातीनं विचारलं, "मम्मी, झालं का?"

"साहेबांनी दुसऱ्या ताईंना सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "टेंभुर्णीच्याच आहेत. पण त्यांना गाडी येत न्हाई, अन् एकटीनं जायचं म्हणून त्या घाबरून राह्यल्या होत्या. मी वही दाखवली. साहेब म्हणाले, दोघी जा. मी म्हटलं, सकाळी मी आमच्या नेटमधीच राहणार, दुपारनंतर निघणार. अन् माझ्या फोनवर मीच बोलणार, घरचं दुसरं कुणी उचललं तर निरोप समजायचा, उत्तर न्हाई. ते हसले अन् हो म्हणाले."

हे शेवटचं ती माझ्याकडं बघून बोलली. मीही मान हलवली. बाकी काय करणार?

तिच्या भावानं वडीगोद्रीहून जुनी स्कूटी टेम्पोत घालून पाठवली. दोन दिवस तिनं ती गावाबाहेरच्या रस्त्यावर फिरवून पाहिली, सवय सुटली होती. तिसऱ्या दिवशी ती निघाली. नात आणि मी दारात. पिक्चरमध्ये राजकन्या घराबाहेर पडते तेव्हा वारं सुटतं, केस उडतात आणि ती मोठ्यानं गाणं म्हणते. आमच्या राजकन्येनं रुमाल बांधला, वरून हेल्मेट घातलं आणि म्हणाली, "आत्या, डाळ शिजायला टाकलीय, चौथ्या शिट्टीला बंद करा. अन् पाय टेकू नका." आणि गेली.

नेटमधलं दुपारचं चिमट्याचं काम तिनं तयार केलेल्या बाया बघायच्या, घरचा कारभार मग माझ्याकडं आला. राजकन्या गडाबाहेर पडल्यावर गडावर भाजी कोण चिरतं, हे एकाही पिक्चरमध्ये दाखवत नाहीत. आमच्याकडं मी चिरते, एका स्टुलावर बसून, दुसऱ्या स्टुलावर पाय ठेवून. नात लसूण सोलते आणि मधूनमधून मला सांगते की जाड चिरलं. लेक आठवड्याला घरी आला तेव्हा मी त्याला कणकेची परात दिली. तो म्हणाला, "माय, मला येत न्हाई." मी म्हटलं, "माय म्हणंल तसं, म्हणत असतोस ना? मंग मळ."

सून माझ्याशी लगेच मोकळी झाली नाही. चहा द्यायची, औषध द्यायची, पण तिच्या गप्पा आटल्या होत्या. मी ते धरून बसले नाही. चार दिवस तिनं वाट पाहिली होती, मी थोडी जास्त पाहिली तर काय बिघडलं?

आठवडाभरानं एका संध्याकाळी ती केदारखेड्याहून आली तीच हसत. हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागली. तिथली एक म्हातारी बाई, चिमटा धरायला हात कापतो म्हणून कोपऱ्यात बसून राहायची. हिनं तिला दोन्ही कोपर गुडघ्यावर टेकवून बसायला शिकवलं, आणि त्या म्हातारीनं एका दुपारी सगळ्यांपेक्षा जास्त फुलं उघडली. मग तिथल्या बाया हिच्याभोवती जमल्या आणि विचारायला लागल्या, ताई, तुमच्या घरून कसं काय सोडलं हो तुम्हाला?

मी भाकरी वाढत होते. विचारलं, "मंग काय सांगितलंस?"

"म्हटलं, सोडलं न्हाई. मी आले."

खरं होतं ते. गिळायला जरा वेळ लागला, पण खरं होतं. मी तिच्या ताटात भाजी वाढली, तिनं एक घास घेतला, भाजी जाड चिरली आहे असं काही म्हणाली नाही. मी म्हटलं, "बरं, अन् ती म्हातारी? तिला घरचे काय म्हणले?"

"तेच तर सांगून राह्यले आत्या. तिची सूनच आली हो तिथं, तणतणत..."

आतल्या खोलीत पिक्चरचा आवाज बंद झाला. नात धावत आली, अर्ध्या वाटेत थांबली आणि ओरडली, "मम्मी, पुढं सांगू नको! मी पाणी पिऊन येते, तवर थांब!"